बासष्ट

नवतप्याचा चौथा दिवस.
नागपूरच्या रेडिओनं सत्तेचाळीस सांगितलं
आणि आमच्या गल्लीत कोणी ते खरं मानलं नाही.
कमीच सांगतेत, म्हणाला देवमन लांजेवार,
चप्पल डांबराले चिपकून राह्यली अन् हे म्हणते सत्तेचाळीस.

मी नऊ दिवसांचा होतो.
बारसं व्हायचं होतं, नाव नव्हतं,
सगळ्यांसाठी नुसतं पोट्टं.
पोट्टं रात्रीपासून दूध ओढत नव्हतं.
आई ओल्या पंचाची घडी माझ्या पोटावर ठेवायची,
एक भाकर थापून होईस्तोवर ती वाळलेली असायची.

आमची लाईन महिनाभर आधीच कापलेली.
लाईनमन उईके स्वतः आला होता,
पाणी प्यायला, गुळाचा खडा तोंडात टाकला,
जमिनीकडे बघत म्हणाला, वहिनी, वरून ऑर्डर आहे,
आणि खांबावर चढला.
बाप तेव्हा मौद्याकडे, वीटभट्टीवर.

समोरच्या घरात रायवंता निखाडे.
तिचं नि आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
कारणं विचाराल तर
न्हाणीचं पाणी,
एक शेळी, त्या शेळीनं खाल्लेला मेथीचा वाफा,
आणि आजोबांनी भर पंगतीत म्हटलेलं एक वाक्य
जे दोन्ही घरांत वेगवेगळं आठवतात.
कूलर गल्लीत तिच्याकडेच. निळा, पत्र्याचा,
चालू केला की भरलेला ट्रक चढावर लागल्यासारखा.

दुपारी तिनं दार उघडलं
आणि आमच्या भिंतीला म्हणाली,
लेकरू भाजून राह्यलं, अन् लोकाइले अकड प्यारी.
आई काही बोलली नाही. भिंतही नाही.
मग देवमननं एका बाजूनं धरला कूलर,
दुसऱ्या बाजूनं पिंजारी कासमभाईनं,
आणि तो आमच्या उंबऱ्यात आला.

वायर आली नाही.
ती गल्लीच्या मध्यावर, निंबापाशी संपली.
तिथे देवमनची मोटरपंपाची तांबडी जोडली,
तिला विहाराच्या भोंग्याची काळी,
तरी हातभर कमी पडली, तेव्हा कोणीतरी
चैत्रातल्या लग्नाची लाईटची माळच आणली.
त्यामुळे दहा दिवस आमच्या दारावर
भर दुपारी हिरवे-पिवळे दिवे लागलेले असत
आणि शेवयावाला विचारून गेला, लगन कोणाचं हाय?

नळ दिवसाआड.
तरी कूलरची टाकी कधी कोरडी पडली नाही.
कोण ओतून जायचं, आईला अजून सांगता येत नाही;
पहाटे फक्त गुंडाचा काठ पत्र्याला लागल्याचा आवाज यायचा.
गवत कुजलं तर पोट्ट्यांनी तणीस कोंबली,
मग घरभर धानाचा वास.

त्या रात्री रायवंता अंगणात खाट टाकून झोपली.
झोपली म्हणजे
तळहातानं डास मारत, मोठ्यानं आम्हाला शिव्या देत पडली.
दुसऱ्या रात्री मी दूध ओढलं.
शिव्या थांबल्या नाहीत.

मीटरचा आकडा तिनं कोळशानं भिंतीवर लिहून ठेवला होता.
दहा दिवसांनी वजाबाकी केली: बासष्ट.
आईनं पोळ्याला पैसे पाठवले, सरगुंड्यांच्या डब्यात घालून.
पैसे परत आले, डबा परत आला,
सरगुंडे आले नाहीत. निरोप आला, मीठ जास्त होतं.

बारशाला माझं नाव यशोधन ठेवलं.
ते शाळेच्या दाखल्यावर आहे.
गल्लीत मला बासष्ट म्हणतात.

दिवाळीला ती घर पोतारते
तेव्हा आकड्याएवढी भिंत सोडून देते.
हिशेब बाकी हाय, म्हणते.

परवा गावी गेलो होतो.
ती ओट्यावर, आई ओट्यावर, मध्ये चार हात गल्ली.
ए बासष्ट, ती म्हणाली,
तुया मायले सांग, यंदा मेथी चांगली उतरली.
आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
तिले सांग, मी काय बहिरी नाही.

मी मध्ये उभा राहून
इकडचं तिकडे सांगितलं.