रिकामा वाडगा परत करू नये

लोक म्हणतात, झिपारगुलच्या हाताला गुण आहे.
आत-बाशीच्या दरीत घोड्याने झटकलेली पोरं,
बर्फावरून घसरलेले मेंढपाळ,
गवत कापता कापता निखळलेले खांदे
सगळे माझ्याच दाराशी येतात.
मी डोळे मिटते. बोटं जागी राहतात.
कातड्याखाली हाड आपलं गाऱ्हाणं सांगतं:
इथं सरकलंय, इथं नुसतं घाबरलंय.
मग एक हलका झटका,
टक्.

त्या उन्हाळ्यात कादिरबेक पैलवानाचा खांदा बसवला
भर मैदानात, चारशे माणसांदेखत.
त्याच हाताने त्याने मला उचलून घेतलं.
कुणी मेंढी दिली, कुणी नमद्याचा गालिचा.
रात्री दिव्यासमोर मी हात धरले,
उलटे, सुलटे,
आणि म्हटलं, तोंडाने म्हटलं, खोटं कशाला बोलू,
असे हात या डोंगरांत दुसरे नाहीत.
भिंतीवरची सावली हातांहून फार मोठी होती.

उमसुनाई आमची कुणी लागत नव्हती.
मी नऊ वर्षांची असताना
तिने मडकं पोत्यात घालून फोडलं, म्हणाली,
आत हात घाल, न बघता जोड.
मी पहिल्याच दिवशी जोडलं.
तिने शाबासकी दिली नाही.
शेजारणीचा वाडगा माझ्या हातात ठेवला, दह्याने काठोकाठ.
"उसना आणलेला. रिकामा परत करू नये."
मला वाटलं, ती वाडग्याबद्दल बोलतेय.

मग कडाक्याच्या थंडीतली ती रात्र.
सात वर्षांचा एल्दोस, कोपर सुजून भोपळ्याएवढं.
मी डोळे मिटले.
हाड बोललं नाही.
पुन्हा चाचपलं. आत नुसता बर्फ पडत होता.
बाप म्हणाला, "तुम्हीच करा.
आम्ही दुसऱ्या कुणाकडे जात नाही."
किती गोड असतं हे वाक्य!
त्याच्यासाठी मी झटका दिलाही असता.
अंगठा जागेवर गेलाच होता.

"गाडी काढा," मी म्हटलं. "नारिनला."
घाटभर पोराचं डोकं माझ्या मांडीवर,
आणि माझ्या हातांना काही काम नाही,
नुसती ऊब देण्याखेरीज.

डॉक्टर मेरीम, माझ्या लेकीहून लहान.
तिने फोटो उजेडात धरला:
केसाएवढी भेग, शिरेला चिकटून.
"दाबलं असतं तर बोटं गेली असती त्याची."
मी विचारलं, "हे तुला दिसतं?"
"यंत्राला दिसतं. मला वाचता येतं, एवढंच.
शिकवलं कुणीतरी."

कुणीतरी.
परतीच्या वाटेवर तो शब्द माझ्या शेजारी बसून आला.
उमसुनाईला कुणी शिकवलं? त्या कुणीतरीला कुणी?
माझ्या हाती आलं, एवढं मला कळतं.
कुठून, ते मुल्लाला विचारा.

आता शेजारची नुरझात येते.
हाताने जड, मनाने घाबरट.
तिसरा हिवाळा चाललाय, मडकं जुळत नाही.
पोत्यातून बोट कापून घेते, रडते,
उद्यापासून येत नाही म्हणते, आणि येते.
काल फक्त काठाचे दोन तुकडे जुळले.

गावातली मडकी संपत आली.
मी आणखी एक फोडते.