गाडीला तोंड एकच

माझी गाडी विकली, त्याला तीन महिने झाले.
दारामागं किल्ल्यांचे दोन खिळे,
एकावर आता सन्मतीची छत्री.

भूपालची फौंड्री शिरोलीला, माझी शाळा कागलला
आणि गाडीला तोंड एकच.
सात वीसला तिघं एकाच दारातून,
डबे कुणाचे कुणाला.
परवा त्यानं कामगारांसमोर
कार्टूनचा डबा उघडला म्हणे.

तावडे हॉटेलपाशी तो उतरतो.
कुणा फिटरच्या मोटरसायकलवर मागं बसतो,
बॅग पोटाशी धरून.
गेल्या दिवाळीपर्यंत
हाच फिटर याला गेटवर सलाम ठोकायचा.
मी बघत नाही.
सीट पुढं ओढण्यात वेळ घालवते.
त्याच्या उंचीला लावलेल्या आरशात
मला नुसतं छत दिसतं.

संध्याकाळी चहाच्या गाड्यापाशी थांबलेला असतो.
मला परीक्षेच्या दिवशी पाऊण तास उशीर झाला,
तर चहावाल्याच्या पोरीचं गणित सोडवत बसलेला.
"चुकलं असेल बघ," म्हणाला,
आणि कागद माझ्या मांडीवर टाकला.
चुकलंच होतं.

भांडतो अजून. हप्त्यावरून, एसीवरून.
पण दार आपटून जाणार कुठं?
उचगावच्या पुलापर्यंत गप्प,
मग सन्मतीला भूक लागते.

माझ्या पार्किंगमध्ये तेलाचा डाग तेवढा उरलाय.
त्यावर पोतं अंथरून
वरच्या चौगुलेकाकू मिरच्या वाळवतात.
"तुमची जागा आहे, चालेल न्हवं?"
चालेल की, म्हणतो आम्ही,
आणि जिन्यापर्यंत तिघंही ठसकत जातो.