शुब्रातलं तळघर, कैरो

ब्रदर तार्चिझिओ सांगतात, ठिणगीकडे बघू नकोस,
वितळल्या थेंबाकडे बघ.
त्यांच्या अरबीत अजून इटलीतलं एक खेडं अडखळतं,
लादूच्या अरबीत वरच्या नाईलचं पाणी.
दोघं मिळून वाक्य जोडतात, तेही वाकडंच.

पहिला सांधा हातोडीच्या एका घावात सुटला.
ब्रदर रागावले नाहीत, देवाचं नावही घेतलं नाही.
म्हणाले, आत गंज होता. खरवडला नाहीस.

मग लादू खरवडत राहिला,
मेणबत्त्यांचा वास येणाऱ्या त्या तळघरात
दुपारची घंटा होऊन गेली तरी.

रात्री जुबाहून आईचा फोन:
काय शिकलास?
जोडायला, तो म्हणाला.
टिकतं का?

खिशात तो सुटलेला तुकडा होता,
बोटांना गंज लागलेला.
उद्या, म्हणाला, उद्या सांगतो.