माल पोचला

आमच्याकडे तिकीट छापत नसत.
वडिलांच्या टेबलावर एक रबरी शिक्का होता,
बर्फाच्या पावत्यांवर मारायचा: माल पोचला.
दारात बसून मी तोच मारायची, मनगटावर, नाडीच्या जरा वर,
दहा रुपये सुटे घेऊन.
जांभळी शाई. दोन आंघोळी टिकायची.

एक जूनला मासेमारी बंद. होड्या झापांखाली,
जाळी माळ्यावर, बर्फाला गिऱ्हाईक नाही.
म्हणून मिरकरवाड्यात रॉक हे हंगामी पीक होतं,
जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत,
अळंब्यांसारखं.
इतर गावांत ते कधी उगवतं, मला ठाऊक नाही.

बँडचं नाव खाजण.
इम्तियाज वस्ताची गिटार मडगावहून एस्टीच्या टपावर आली,
ताडपत्रीत, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी;
त्या प्रवासाचा एक ओरखडा तिच्या पाठीवर होता
आणि एक, तो म्हणायचा, आवाजात.
दिगंबर भाटकरचा हात शिमग्यात बसलेला.
कितीही विनवा, शेवटच्या गाण्याला तो ड्रमवर पालखी नाचवायचाच.
सिल्वेस्टर आल्मेडा दिवसा पतपेढीत कॅशियर;
बेस वाजवताना ओठ हलायचे, नोटा मोजल्यासारखे.
आणि बालवाडीची शुभलक्ष्मी खडपे,
जिचा आवाज फाटला की मगच लागायचा.

भिंतींत भुसा भरलेला, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून.
सूरही बाहेर जात नसे.
कुठे जावं ते न कळून तो आमच्या बरगड्यांत शिरायचा.
अमोनियाचा वास, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी,
कारण कुणी कुणाला विचारायचं नाही.

गणूकाका आजगोलकर, कॉम्प्रेसरवर तीस वर्षं. ठार बहिरे.
सगळ्यांत पुढे तेच.
चपला काढून, तळवे ओल्या फरशीवर टेकून, डोळे मिटून.
एकदा गाण्याच्या मधेच उठून म्हणाले,
"डावीकडलं बेअरिंग गेलंय रे."
उघडून पाहिलं तर स्पीकरचा पडदा टराटर फाटलेला.

आंब्याच्या कॅनिंगच्या शेडमध्येही वाजवलं दोन वर्षं.
तिथे वायरी चिकटायच्या, माइकवर माशा.
आणि राजिवड्याच्या बंद टॉकीजमध्ये एकदाच:
पहिल्याच ठोक्याला पडद्यामागून वटवाघळं सुटली,
लोकांना वाटलं, तेही ठरवलेलंच.

वीज जायची. जायचीच.
गिटार जागच्या जागी मरायची,
शुभलक्ष्मी उघडी पडायची, नुसत्या गळ्यानिशी,
आणि दिगंबर अंधारात चालूच.
मला विचाराल तर तेवढीच पाच मिनिटं खरी.
ती कुणाच्या कॅसेटवर नाहीत.

शेवटचा कार्यक्रम शेवटचा आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.
नारळ सोडले, होड्या गेल्या, बर्फ सुरू झाला,
आणि पुढल्या जूनच्या आत वडिलांनी कारखाना विकला होता.
इम्तियाज कतारला एसी दुरुस्त करतो: थंडीतच राहिला.
दिगंबर गेला.
सिल्वेस्टर भेटतो मासळी बाजारात, हवामानावर बोलतो.
शुभलक्ष्मीचं मला विचारू नका.

आता तिथे लॉज आहे, पुढे पार्किंग.
परवा गेले. शिक्का पर्समध्ये होता, रबर तडकलेलं,
शाई कधीच वाळलेली. कोरडाच दाबला मनगटावर.
अक्षरं पांढरी उठली,
आणि मी "पोच" वाचेपर्यंत मिटली.

मागच्या बाजूला कुठेतरी जनरेटर चालू होता.
मी चपला काढल्या.
वॉचमन म्हणाला, "बाई, इथे देऊळ नाही."
"माहित्ये," म्हटलं,
आणि उभी राहिले, फरशी तापलेली होती तरी.