दहा अक्षरांचा पट्टा

ओटिली वेंट्झ एका देशामागे चाळीस सेंट घेते.
क्यूबा असो की पोर्तुगाल, दर तोच.
पांढऱ्या रेशमावर निळी अक्षरं,
काठाला दुहेरी टाका
आणि खांद्यापाशी एक टाचणी जादा,
ऐनवेळी देश घसरू नये म्हणून.

घोळ घातला लक्झेंबर्गने.
दहा अक्षरं, आणि पोरगी चणीने एवढीशी.
शेवटची दोन कमरेमागे गेली.
समितीचा हॅस्केल म्हणाला, 'राहू दे,
लोक काय देश वाचायला येतात?'

रोज सकाळी तो टेप उसना नेतो.
पोटरी, कंबर, दंड, मान.
आकडे वहीत, वही काखेत.
परत आलेल्या टेपला सिगारचा वास.
ओटिली तो खिडकीत टांगून ठेवते,
दुपारचा खारा वारा लागेपर्यंत.

लेओनी आरशाकडे पाठ करून उभी राहते.
बाप पोलादाच्या भट्टीवर,
आणि बोटीवरचे सगळे दिवस उलट्यांत गेलेले.
दोघींच्या जर्मनचा सांधा जेमतेम जुळतो.
'ही एवढी भिंत कशाला?'

ओटिली तोंडातल्या टाचण्या काढत नाही.
टाचण्यांआडूनच सांगते:
वादळ. मग भिंत. मग पंपाने ओढलेली रेती.
अख्खं गॅल्व्हेस्टन जॅक लावून वर उचललं,
म्हणजे ज्यांची घरं उरली होती, त्यांची.

'आणि तुमचं?'

'उद्या चालशील ना,
तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी, जरा आतल्या बाजूला,
दोन पुरुष खाली
आमच्या चुलीची जागा आहे.
हात वर कर. हलू नकोस.'

दुसऱ्या दिवशी बँड, टोप्या, भुईमुगाची टरफलं,
भिंतीवरून चाललेले देश.
तिसऱ्या खांबाशी लेओनीचं पाऊल मंदावलं.
तिने टाच अलगद टेकवली,
कुणी निजलेलं असताना घरातून जावं, तशी.

हॅस्केलने चालीचा एक गुण कापला.

नंबर आला नाही.
जाताना पट्टा खुर्चीवर ठेवून गेली.
रेशीम चांगलं होतं, टाकवेना.
ओटिलीने सगळी अक्षरं उसवली,
इस्त्री फिरवली, पाणी मारून पुन्हा फिरवली,
उजेडात धरून बघितलं,
तर सुईच्या भोकांनी
दहाच्या दहा अक्षरं नीट वाचता येत होती.

यावर आता पुढच्या वर्षी
कुठला देश शिवायचा?