चाक

फ्रायबर्गजवळच्या डोंगरात, सतराशे अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये
मी त्याला साठ परस खाली नेलं.
कोवळा पोरगा, लिओनहार्ट नावाचा,
खनिजविद्या शिकायला आलेला,
खिशात दगडांपेक्षा कागद जास्त.
शिडीच्या दर टप्प्यावर थांबायचा,
धापा टाकत म्हणायचा,
"हेर्क्लोत्स, माणसाचं मन असंच असतं.
वर गवत, गाई, चर्चचं शिखर,
आणि खाली हे."

मी म्हटलं, पायरी ओली आहे, बघून.

तिसऱ्या पातळीवर त्यानं दिवा भिंतीशी नेला.
चांदीची शीर होती, बोटभर, त्यातही निम्मं शिसंच.
तो रडला की काय कोण जाणे;
चरबीच्या धुरानं इथं सगळ्यांचेच डोळे गळतात.
म्हणाला, आमच्या मंडळीत रोज वाद असतो.
एक म्हणतो, मन म्हणजे खिडकीत ठेवलेली वीणा,
वारा येईल तशी वाजते.
दुसरा म्हणतो दिवा, उजेड त्याचा त्यालाच.
एक बाई बसते आमच्यात, ती म्हणते झरा.
"पण मला विचाराल तर खाण.
जितकं खोल, तितकं नितळ."

नितळ.
बारा वर्षं मी इथला पंप सांभाळतोय.
चांदी कधी लागते, कधी नाही.
पाणी लागतंच.
रात्री येतं, नाताळात येतं,
माझा भाऊ योब गाडला गेला त्या दुपारीही येत होतं.
वर ओढ्यावर चाक फिरतं,
लाकडी दांडे कण्हत खाली-वर होतात,
एका डोणीतलं पाणी वरच्या डोणीत,
आणि दर फेरीला छोट्या घंटेचा एक टोला.
चालू आहे,
एवढंच सांगणारा.

हे मी त्याला बोललो नाही.
पोरगा खुशीत होता,
आणि आठ ग्रोशन देणार होता.

नाताळाच्या आधी त्याचं छापील पुस्तक आलं.
क्रिस्टलीबनं, थोरलीनं, चुलीपाशी वाचून दाखवलं.
त्यात नीलमणी होते. आमच्या खाणीत नाहीत.
पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा
दिवा धरून पुढे चाललेला.
"हा मी?"
"तुम्हीच असाल."
माझी दाढी तांबडी आहे.
पाण्याचा एक थेंब नव्हता अख्ख्या पुस्तकात.

रोझीना विणता विणता थांबली.
धाकटा गेल्यावर दोन वर्षं ती बोलली नव्हती,
ताटावर बसायची आणि ताटाकडे बघायची.
म्हणाली, "लहान आहे पोरगा.
त्याचं चाक अजून कधी बंद पडलं नाही."
आणि पुन्हा टाके मोजू लागली.

त्या रात्री ओढा गोठला.
टोल्यांत आम्ही मेल्यासारखे झोपतो;
शांततेनं जाग आली.
मी अंधारात जोडे चाचपडत होतो,
तर रोझीनानं दिवा आधीच लावलेला.
बाहेर, उतारावर,
एकेक खिडकी उजळत चालली होती.