हुंकार

किल्ली फिरवली की घर्र घर्र घर्र,
पण पेट घेत नाही.
राजेंद्रनगर, सकाळचे सात दहा,
स्टेशनवर आठची गाडी,
मागच्या सीटवर मंदाकिनीआत्या, निघालीय रतलामला
तरी मांडीवर इंदूरचीच शेव.

मुबीन भिया दातून थुंकून आला.
बॅटरी घोडा आहे, म्हणाला, स्टार्टरही.
प्लग उपसून इंजिनाला टेकवला:
निळी ठिणगी, टचटच.
काटा अर्ध्या टाकीवर.
मग तो नुसताच उभा राहिला, फडक्याला हात पुसत.

आत्या म्हणाली,
रोज ही निघायच्या आधी माझ्याखाली
'हं' म्हणते.
आज नाही म्हणाली.

मुबीननं मला किल्ली अर्धीच फिरवायला लावली,
मागच्या सीटला कान लावला.
आत्यानं पाय वर घेतले.
काहीच नाही.
पंप तिथंच असतो मावशी, टाकीत, तुमच्या बरोबर खाली.

फ्यूजच्या डबीतून त्यानं हॉर्नची रिले उपटली,
पंपाच्या घरात बसवली.
दोघी जुळ्या, काळ्या, अर्ध्या काडेपेटीएवढ्या.
हं,
आत्या म्हणाली, किंवा गाडी.

बिनहॉर्नचे निघालो. इंदुरात!
महूनाक्यावर टेम्पो आडवा.
आत्यानं काच उतरवली
आणि ज्या आवाजात एकतीस वर्षं
पोरींच्या रांगा सरळ केल्या, त्या आवाजात:
ओ भिया, सरको जरा!

सरकला.

मांडीवर पुडा नव्हता.
मुबीनला कधी दिलास, विचारलं तर
हं, एवढंच म्हणाली.